फोर-व्हील ड्राइव्ह घेतली, पण टायर कोणता? हायवे, पाणंद आणि काळ्या मातीचा हिशेब

उमरी, भोकर, नायगाव, अहमदपूर. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावांत आता थार, जिम्नी, स्कॉर्पिओ-एन किंवा फॉर्च्युनर दिसणं नवं राहिलेलं नाही. गाडी घरी आली की महिन्याभरात मित्रमंडळींत पहिला प्रश्न निघतो, "टायर बदलणार का?" इन्स्टाग्रामवरच्या रील्समध्ये मोठ्या गोटीचे टायर, उडणारा चिखल आणि दणकेबाज गाणं असतं. त्यामुळे उत्तरही ठरलेलं असतं, "घ्या मड-टेरेन!"

पण तीच गाडी सोमवारी सकाळी आजीला घेऊन नांदेडच्या दवाखान्यात जाते. लग्नसराईत लातूरला, कधी निजामाबादमार्गे हैदराबादला जाते. पावसाळ्यात शेताच्या पाणंदीवर आणि दिवाळीनंतर माहूरच्या घाटातही जाते. एकाच टायरकडून एवढ्या कामांची अपेक्षा असेल, तर निवड रील पाहून करता येत नाही.

मग ती कशी करायची? एकेक मुद्दा समजून घेऊया.

टायर एवढा महत्त्वाचा का?

गाडी कितीही दणकट असली तरी रस्त्याला तिचे फक्त चार छोटे तुकडे टेकलेले असतात. प्रत्येक टायरचा साधारण तळहाताएवढा भाग. गाडी पुढे जाणं, वळणं आणि थांबणं हे सगळं त्या चार तुकड्यांवर चालतं.

इथे एक मोठा गैरसमज आहे. फोर-व्हील ड्राइव्हमुळे इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळते. त्यामुळे निसरड्या जागेतून गाडी निघायला मदत होते. थांबायला तिचा उपयोग होत नाही, कारण ब्रेक तर साध्या गाडीतही चारही चाकांनाच लागतात. ओल्या रस्त्यावर समोर अचानक म्हैस आली, तर गाडी किती अंतरात थांबेल हे मुख्यतः टायर आणि तुमचा वेग ठरवतात. म्हणूनच हा विषय दिसण्यापुरता नाही.

पहिलं काम: गाडी खरंच कुठे धावते ते मोजा

दुकानात जाण्याआधी एक महिना मोबाइलमध्ये नोंद ठेवा. आज हायवेवर किती किलोमीटर, खराब डांबरी किंवा मुरमाच्या रस्त्यावर किती आणि खऱ्या चिखलात किंवा रानात किती?

एक उदाहरण घेऊ. समजा, गाडी वर्षाला १८,००० किलोमीटर चालते. त्यातले १५,००० हायवेवर, २,५०० मुरूम आणि खडीच्या रस्त्यावर आणि ५०० चिखलात. म्हणजे चिखलाचा वाटा तीन टक्क्यांहून कमी. त्या तीन टक्क्यांसाठी उरलेल्या ९७ टक्के प्रवासात आवाज, जास्त इंधन आणि ओल्या डांबरावर कमी पकड सहन करायची का, हा खरा प्रश्न आहे.

बहुतेकांचा आकडा मनात धरलेल्या आकड्यापेक्षा वेगळा निघतो. चिखलात अडकलेला एक दिवस वर्षभर लक्षात राहतो, हायवेवरचे शंभर दिवस राहत नाहीत.

एच/टी, ए/टी, एम/टी म्हणजे काय?

एसयूव्हीच्या टायरच्या नावापुढे बहुतेक वेळा यांपैकी एक खूण असते.

एच/टी म्हणजे हायवे-टेरेन. नक्षी बारीक, खाचा अरुंद. आवाज कमी, मायलेज चांगलं, ओल्या डांबरावर पकड चांगली. मुरमाच्या सपाट रस्त्यावरही हा व्यवस्थित चालतो. चिखलात मात्र खाचा लगेच भरतात.

ए/टी म्हणजे ऑल-टेरेन. नक्षीचे ठोकळे मोठे, खाचा जास्त खोल. खडी, मुरूम, दगडी वाट आणि हलका चिखल हे याचं क्षेत्र. हायवेवर एच/टीपेक्षा थोडा आवाज येतो, इंधनही थोडं जास्त लागतं. 'ऑल' असं नाव असलं तरी ही तडजोड आहे, सगळ्यांत पहिला नंबर नव्हे.

एम/टी म्हणजे मड-टेरेन. मोठ्या गोट्या आणि त्यांच्यात रुंद मोकळी जागा. चाक फिरताना चिखल बाहेर फेकला जावा म्हणून ही रचना असते. पण मोकळी जागा जास्त म्हणजे डांबराला टेकणारं रबर कमी. परिणामी आवाज जास्त, झीज लवकर आणि ओल्या हायवेवर थांबायला जास्त अंतर.

ट्रॅक्टरचं मागचं चाक आठवा. रानात त्याला तोड नाही, पण ते चाक लावून कुणी ताशी ९० च्या वेगाने लातूरला जायचं म्हणणार नाही. एम/टीचा स्वभाव त्या बाजूला झुकलेला असतो.

गाडी बनवणाऱ्या कंपन्याही सगळ्यांना एकच टायर देत नाहीत. थारच्या १८ इंची चाकांवर कारखान्यातूनच ए/टी टायर येतात. जिम्नी मात्र तितकीच ऑफ-रोड गाडी असूनही एच/टी टायरवर येते. म्हणजे एच/टी टायर असला की गाडी 'खरी' फोर-बाय-फोर नाही, हा समज चुकीचा आहे.

काळ्या मातीत कोणता टायर चालतो?

परदेशी व्हिडिओ पाहून टायर घेणाऱ्यांची फसगत इथेच होते. त्यांचा चिखल वेगळा, आपला वेगळा.

मराठवाड्यातली काळी माती बेसाल्ट खडकापासून बनलेली आहे. तिच्यात स्मेक्टाइट गटातल्या चिकणमातीचं प्रमाण मोठं असतं. ही माती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आकसते. म्हणूनच उन्हाळ्यात रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात तीच माती चपलेला किलोभर चिकटते.

टायरचंही तेच होतं. मऊ पाणचट चिखल खाचांतून फेकला जातो, पण ओली काळी माती खाचांत घट्ट बसते. दोन-चार फेऱ्यांत टायरची नक्षी दिसेनाशी होते आणि चाकाभोवती मातीचा गुळगुळीत थर तयार होतो. मग टायर एच/टी असो की ए/टी, घसरतो सारखाच. एम/टी थोडा जास्त वेळ तग धरतो, कारण त्याच्या खाचा रुंद असतात. पण चांगला पाऊस पडून गेलेल्या काळ्या रानात तोही अडकतो.

यावर उपाय शेतकऱ्याला आधीपासून माहीत आहे, तो म्हणजे वापसा. पाऊस उघडल्यावर जमीन वापशावर येईपर्यंत रानात औत घालत नाहीत. गाडीलाही हाच नियम लावा. वापसा नसेल तर गाडी डांबरी रस्त्याच्या कडेला लावून पायी जाणं हे कोणत्याही महागड्या टायरपेक्षा शहाणपणाचं आहे. ओल्या पाणंदीवर गाडी घातली की खोल चाकोऱ्या पडतात आणि पुढचे कित्येक दिवस बैलगाडी, दुचाकीवाल्यांचे हाल होतात, तेही आहेच.

चिखलातून निघून हायवेला लागण्याआधी टायर आणि रिमच्या आतल्या बाजूची माती काढा. रिमला एका बाजूला माती चिकटून राहिली तर वेग घेताच स्टिअरिंग थरथरायला लागतं. अनेक जण याला अलाइनमेंटचा बिघाड समजून गॅरेज गाठतात. शिवाय मातीने भरलेला टायर डांबरावर पहिले काही मीटर निसरडाच असतो.

चिखलापेक्षा मोठा शत्रू: धसकट आणि काटे

आपल्याकडे रानात टायर वाया जाण्याचं एक खास कारण आहे. विळ्याने तिरकी कापलेली तुरीची किंवा कपाशीची धसकटं. सुकलेल्या काळ्या जमिनीत ती खुंटीसारखी घट्ट उभी असतात. त्यात बांधावरच्या बाभळीच्या काट्यांची भर.

टायरचा रस्त्याला टेकणारा भाग जाड असतो. बाजूचा भाग, म्हणजे साइडवॉल, त्या मानाने बराच पातळ. धसकट बहुतेक वेळा तिथेच घुसतं. वरच्या भागातलं छोटं छिद्र पॅच लावून नीट दुरुस्त होतं. साइडवॉल फाटली तर टायर बदलावाच लागतो. तिथे पंक्चरची दोरी भरून हायवेवर जाणं म्हणजे जीव धोक्यात घालणं.

म्हणून शेतात नियमित गाडी नेणाऱ्यांनी टायर घेताना नक्षीबरोबर साइडवॉलही पाहावी. अनेक ए/टी टायरची बाजू जास्त मजबूत असते आणि नक्षीचे ठोकळे बाजूवरही थोडे उतरलेले असतात. मुरूम, खडी, देगलूर-बिलोली पट्ट्यातले वर आलेले ग्रॅनाइटचे दगड आणि किनवट-माहूरकडच्या जंगलातल्या वाटा यांसाठीही हाच गुण कामी येतो. आपल्या भागात ए/टी घेण्याचं खरं कारण चिखल नसून हे आहे.

मे महिन्याचं ऊन आणि टायरमधली हवा

नांदेड-लातूर भागात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांपर्यंत जातो. डांबर आणि सिमेंटचा रस्ता त्याहून कितीतरी जास्त तापतो. तापमान १० अंशांनी वाढलं की एसयूव्हीच्या टायरमधला दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो. सकाळी ३२ भरलेला टायर दुपारी पळून आल्यावर ३७ दाखवू शकतो.

हे पाहून अनेक जण घाबरून हवा काढतात. ही चूक करू नका. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेला दाब थंड टायरचा असतो आणि ही वाढ त्यात धरलेली असते. गरम टायरमधली हवा काढली तर थंड झाल्यावर ती कमी पडते.

खरा धोका कमी हवेचा आहे. हवा कमी असली की साइडवॉल प्रत्येक फेरीत जास्त दुमडते, दुमडण्यातून उष्णता तयार होते आणि तापलेला टायर वेगात फुटतो. सात माणसं, टपावर सामान, भर दुपार आणि कमी हवा हे मिश्रण सगळ्यात वाईट. हवा सकाळी, गाडी काढण्याआधी तपासा. पूर्ण भार असेल तर स्टिकरवर त्यासाठी वेगळा आकडा दिलेला असतो, तो पाळा.

मुरूम-खडीच्या लांब रस्त्यावर किंवा वाळूत मुद्दाम हवा थोडी कमी करतात. त्याने टायरचा टेकणारा भाग वाढतो आणि दणके कमी बसतात. पण त्यासाठी दोन अटी आहेत: वेग कमी ठेवायचा आणि डांबराला लागण्याआधी हवा पुन्हा भरायची. गाडीत १२ व्होल्टचा पंप आणि प्रेशर गेज नसेल, तर हा प्रयोग करू नका.

टायरवरचे आकडे कसे वाचायचे?

थारच्या १८ इंची चाकांचा आकार आहे २५५/६५ आर१८. टायरवर त्यापुढे समजा १११टी असं लिहिलं आहे. त्याचा अर्थ असा:

- २५५: टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये.
- ६५: बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के. म्हणजे सुमारे १६६ मिलिमीटर.
- आर१८: रेडियल बांधणी, १८ इंची रिम.
- १११: लोड इंडेक्स. हा टायर १,०९० किलोपर्यंत भार पेलू शकतो.
- टी: वेगाची मर्यादा, ताशी १९० किलोमीटर.

आकार जुळला की काम झालं असं समजू नका. त्याच आकारात कमी लोड इंडेक्सचा टायरही मिळू शकतो. कंपनीने दिलेल्या लोड इंडेक्सच्या खाली कधीही जाऊ नका.

बाजूवरच चार आकडी तारीखही असते. २३२४ म्हणजे २०२४ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला टायर. घेताना ती पाहा, दुकानात दोन-तीन वर्षं पडून राहिलेला माल गळ्यात पडू देऊ नका. आयएसआय चिन्हही तपासा, देशात विकल्या जाणाऱ्या टायरना ते बंधनकारक आहे.

काही टायरवर 'एम प्लस एस' असं लिहिलेलं असतं आणि दुकानदार ते चिखलाचं प्रमाणपत्र म्हणून दाखवतात. ती खूण बनवणारी कंपनी नक्षीच्या रचनेवरून स्वतःच लावते. चिखलातल्या चाचणीचा तो निकाल नव्हे.

मोठे टायर बसवले तर?

टायर जितका मोठा, तितकी गाडी रुबाबदार. पण खर्च तिथून सुरू होतो.

२५५/६५ आर१८ टायरचा एकूण व्यास सुमारे ७८९ मिलिमीटर. त्याजागी २७५/७० आर१८ बसवला तर तो सुमारे ८४२ होतो, म्हणजे जवळपास सात टक्के जास्त. आता मूळ टायरवर काटा ज्या ठिकाणी १०० दाखवायचा, तिथे गाडी प्रत्यक्षात १०७ ने पळते. जड चाक फिरवायला इंजिनाला आणि थांबवायला ब्रेकला जास्त जोर लागतो. वळणावर टायर फेंडरला घासू शकतो.

कायद्याचाही प्रश्न आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलात मनमानी बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच बाब स्पष्ट केली. अपघात झाल्यावर विम्याच्या दाव्यात असा बदल अडचणीचा ठरू शकतो. कंपनीने तुमच्या मॉडेलसाठी मंजूर केलेल्या आकारांतच राहणं सोयीचं.

दोनच टायर बदलले तर चालतील का?

थार, जिम्नी, गुरखा या गाड्यांत पार्ट-टाइम फोर-व्हील ड्राइव्ह आहे. ४एच किंवा ४एल लावलं की पुढचे आणि मागचे दोन्ही अ‍ॅक्सल एकाच गतीने फिरायला बांधले जातात. पुढे झिजलेले आणि मागे नवे किंवा वेगळ्या आकाराचे टायर असतील, तर दोन्हीकडच्या फेऱ्या जुळत नाहीत आणि गिअरच्या यंत्रणेवर ताण येतो. याच कारणाने कोरड्या डांबरावर ४एच लावून गाडी चालवू नये.

म्हणून चारही टायर एकाच आकाराचे, एकाच नक्षीचे आणि शक्यतो एकाच वेळी घेतलेले असावेत. थार आणि जिम्नीच्या मागच्या दारावर पूर्ण आकाराची स्टेपनी असते. बजेट असेल तर पाच टायर घ्या आणि दर आठ-दहा हजार किलोमीटरला पाचही आलटून-पालटून वापरा. झीज सारखी होते आणि माहूरच्या जंगलात स्टेपनी लावायची वेळ आली तर ती इतरांशी जुळते.

टायर कधी बदलायचे?

चारचाकीच्या टायरची नक्षी कायद्याने किमान १.६ मिलिमीटर खोल हवी. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. पण ओल्या रस्त्यावरची पकड त्याआधीच घटू लागते. त्यामुळे ३ मिलिमीटरच्या आसपास असतानाच, शक्यतो पावसाळ्याआधी, बदलणं चांगलं.

किलोमीटर कमी झाले तरी रबर म्हातारं होतंच. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाड्यांचं लवकर. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या. बाजूला बारीक भेगा किंवा फुगा दिसला तर नक्षी कितीही शिल्लक असो, तो टायर हायवेवर नेऊ नका. रिमोल्ड टायर स्वस्त मिळतात, पण वेगाच्या प्रवासाला ते नकोतच.

७०१ किलोमीटरच्या नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गावर कारला ताशी १२० ची मर्यादा आहे. तिथल्या अपघातांनंतर २०२३ मध्ये परिवहन विभागाने प्रवेशद्वारांवर टायर तपासायला सुरुवात केली आणि गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवल्या. नांदेडहून जालना गाठून समृद्धीला लागणाऱ्यांनी तपासणीची वाट न पाहता घरीच टायरवर नजर टाकलेली बरी.

मग तुम्ही कोणता घ्यायचा?

एक ढोबळ हिशेब:

- ९० टक्क्यांहून जास्त प्रवास हायवे आणि गावातला, रानात वर्षातून चार-दोन वेळा: एच/टी. वाचलेल्या पैशांत पंप, प्रेशर गेज, पंक्चर किट आणि गाडी ओढायचा मजबूत पट्टा घ्या.
- आठवड्यातून दोन-तीन वेळा शेत, पाणंद किंवा खडीचा रस्ता, बाकी हायवे: ए/टी. उमरी-भोकर-किनवट भागातल्या बहुतेक शेतकरी कुटुंबांचं उत्तर इथेच आहे.
- रोजचं काम चिखलात किंवा जंगलात, हायवे क्वचित: एम/टी. हायवेवर वेग कमी आणि पुढच्या गाडीपासूनचं अंतर जास्त ठेवायची तयारी हवी.
- दोन्ही टोकांची हौस आणि खिसाही मोठा: रिमसह दोन वेगळे संच. रोजसाठी एक, ऑफ-रोड सहलीसाठी दुसरा.

दुकानात गेल्यावर पाच गोष्टी विचारा: आकार तोच आहे का, लोड इंडेक्स किती, कोणत्या आठवड्यात बनला, वॉरंटीत साइडवॉलचं नुकसान धरलं आहे का आणि हाच टायर वर्षभराने नांदेड किंवा लातूरला पुन्हा मिळेल का. शेवटचा प्रश्न फार कमी लोक विचारतात. जून २०२० मध्ये केंद्राने टायरची आयात मर्यादित यादीत टाकली होती आणि त्यानंतर काही परदेशी टायर मिळणं कठीण झालं. एक टायर फाटला आणि जोडीला तसाच मिळाला नाही, तर चार टायरचा खर्च अंगावर येतो.

तुमच्या गाडीवर सध्या कोणते टायर आहेत? आज घरी गेलात की चारही टायरवरची तारीख वाचा, आणि स्टेपनीचीही. तिच्याकडे आपण सगळ्यात शेवटी बघतो.